तुझ्या पश्चिमेला कोणी नव्हतं

यमू, विटा येऊन पडल्या.

तुझ्या फाटकाबाहेर, नळाजवळ, माणसाच्या छातीइतका ढीग आहे. तुझी तेरवी होऊन आठवडा झाला नाही आणि ट्रक दारात उभा. ट्रकवाल्यानं मलाच विचारलं, "बाई, कुठी टाकू?" घर माझं नाही, विटा माझ्या नाहीत, तरी मी तोंड उघडलंच. "झाडापासून दूर टाक," म्हणाले. तो हसला. त्या विटा झाडाच्याच जागेवर चढायच्या आहेत, हे त्याला तुझ्या सुधीरनं सांगितलं असणार.

सोमवारी कुऱ्हाडवाला येणार आहे. आज शुक्रवार. मधल्या दिवसांत मी काय करायचं ते तू सांगून ठेवलंयस, आणि मी ते करणार नाही असं मी तुला तोंडावर सांगितलं होतं. आपलं भांडण तिथंच थांबलं. तू उठलीस, पदर झटकलास, "उद्या येतो मंग" म्हणालीस आणि आली नाहीस. दुसऱ्या दिवशी तुला रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं ते मला आमच्या मोलकरणीकडून कळलं. मी पोचले तेव्हा भाऊजी बाकावर बसले होते आणि त्यांच्या हातात तुझ्या चपला होत्या. चपलांकडे पाहूनच कळलं.

गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावले आहे. वाद घालणारं माणूस असं अर्ध्यावर उठून जात नाही, यमे.

या गल्लीतली सगळी माणसं मला रडताना पाहतात आणि म्हणतात, मैत्रीण गेली बिचारीची. त्यांना कोणी सांगावं की मी त्यांच्यावर चिडूनही रडते आहे. आज ज्याच्या-त्याच्या घरात दुपारी बरं झोपायला मिळतं, ते कोणामुळे, याची आठवण तेरवीच्या पंगतीतही कोणी काढली नाही. सगळे म्हणाले, स्वभाव फार गोड होता. गोड! तू?

आपण इथं राहायला आलो तेव्हा तुझा सुधीर कडेवर होता. शहराच्या पार टोकाला ही एका रांगेतली घरं, पाऊल टाकलं की मुरूम करकरायचा. नकाशाच असा की प्रत्येकानं घर पश्चिमेच्या हद्दीला चिकटवून बांधायचं आणि पूर्वेला एक पट्टी मोकळी सोडायची. म्हणजे आपापल्या पश्चिमेच्या भिंतीपाशी नालीपुरतीच जागा. आणि नागपूरचं उन्ह मारतं ते पश्चिमेकडूनच. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या मधल्या खोलीची भिंत दिवे लागले तरी तापलेली असायची, हात लावला की चटका. पोरं तिच्यापासून लांब झोपायची. मग एकेकानं कूलर आणले. खिडकी पश्चिमेलाच, म्हणून कूलरही पश्चिमेलाच, भर उन्हात टांगलेला. तो गरम हवा घरात ढकलायचा, मीटर पळवायचा, आणि नळाला येणारं थोडंसं पाणी घरातल्या माणसांच्या आधी पिऊन टाकायचा.

तू तेव्हा डोक्यावर ओला दुपट्टा टाकून भर दुपारी गल्लीभर हिंडलीस. लोक म्हणाले, भाऊजींच्या बायकोला उन्ह लागलं. तू एकेकाच्या भिंतीला हात लावून पाहत होतीस. मग माझ्या दारात येऊन माठातलं पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "इंदे, तुह्या भिंतीचं औषध तुह्या अंगणात नाई. ते माह्या अंगणात हाये."

मला काही कळलं नाही. तू मला ओढत बाहेर नेलंस आणि दाखवलंस. तुझ्या पूर्वेच्या पट्टीत झाड लावलं तर दुपारनंतर त्याची सावली माझ्या भिंतीवर आणि स्लॅबवर पडणार. माझ्या पट्टीतल्या झाडाची लांजेवारांच्या घरावर. लांजेवारांच्या झाडाची त्यांच्या पलीकडच्यांवर. प्रत्येकानं आपल्या पूर्वेच्या शेजाऱ्यासाठी झाड लावायचं आणि आपली सावली पश्चिमेच्या शेजाऱ्याकडून घ्यायची. ऐकायला इतकं सोपं की कोणाला पटलंच नाही.

लांजेवारांनी तर तुला फाटकातच अडवलं होतं. "म्हणजे झाड मी लावू, पाणी मी टाकू, पाला मी झाडू, अन् थंडावा शेजाऱ्यानं खायचा?"

"अन् तुमच्या भिंतीले थंडावा कोण देऊन राहिलं मंग? ही इंदू."

"मंग आधी तिनं लावावं. आमी पाहू."

गल्लीतला प्रत्येक जण हेच म्हणाला. आधी पश्चिमेच्यानं लावावं. बोट सरकत सरकत शेवटच्या घराशी आलं, म्हणजे तुझ्याशी. तुझ्या पलीकडे नुसतं मैदान. तुला सावली देणारं कोणीच नव्हतं. मी विचारलं, "अगं, मग तुझ्या पश्चिमेला कोण?"

तू म्हणालीस, "माह्या पश्चिमेले कोणी नाई. म्हून तं मले कोणाची वाट पाहाची गरज नाई."

पावसाळ्यात तू तुझ्या पट्टीत कडुनिंब लावलास आणि त्याच्या शेजारी शेंगांच्या मुनग्याची फांदी खोचलीस. मुनगा दोन वर्षांत छपराला लागतो, निंबाला वेळ लागतो; तोवर मुनग्यानं काम चालवायचं. तुझ्या मोरीचं पाणी तू नालीत न सोडता छोटा पाट काढून झाडाकडे वळवलंस. माझ्याकडूनही तेच करवून घेतलंस. मी एकदा आळस केला तर स्वतः कुदळ घेऊन माझ्या अंगणात उतरलीस, आणि मी दारात उभी राहून तुला शिव्या देत होते. निंब वाढला तशी तू त्याच्या खालच्या फांद्या खिडकीच्या उंचीपर्यंत छाटत गेलीस. मी ओरडायचे, सावली कमी होते. तू म्हणायचीस, "सावली वरून पाह्यजे, वारा खालून पाह्यजे. नाईतं पावसाळ्यात उकडून मरशीन." तेही खरं निघालं. लांजेवारीणबाईंनी छाटलं नाही, तर श्रावणात त्यांच्या पलीकडच्या घरात कपडे वाळेनात.

तुझा निंब माझ्या स्लॅबवर पसरला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वीजवाला मीटर पाहायला आला आणि थबकला. त्यानं मीटरच्या काचेवर टिचकी मारली. "बाई, हे अडकलं का?" पुढच्या खेपेला दुसऱ्याला घेऊन आला. त्याला वाटलं आम्ही काहीतरी लबाडी केली. मी त्याला अंगणात नेऊन वर बघायला सांगितलं. आमचा कूलर तेव्हा जेवणानंतर थोडा वेळ चालायचा, एरवी बंद. वाचलेल्या बिलातून मी पोरींच्या शाळेचं बरंच काही भागवलं, हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते. त्या झाडानं माझं घर चालवायला हातभार लावला, यमू. नवऱ्याच्या पगारासारखा, दर उन्हाळ्याला.

आणि तुझं घर? तुझ्या वाट्याला त्याच झाडाची सकाळची सावली, जिची कोणाला गरज नसते. दुपारी मैदानावरून येणारं उन्ह सरळ तुझ्या भिंतीवर. म्हणून तू काम आटोपून माझ्याकडे यायचीस. स्वतःच्या झाडाची सावली खायला शेजारणीच्या घरी! मधल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला पाठ लावून तू बसायचीस. चिंच फोडायची, गहू निवडायचे, कैरीचा तक्कू चाटून बघायचा आणि मीठ कमी आहे म्हणायचं. मग बोलता बोलता झोपून जायचीस आणि अशी घोरायचीस की आमच्या पोरी हसून हसून बाहेर पळायच्या. इतकी वर्षं तू त्याच जागी टेकलीस की तिथं चुन्यावर तुझ्या तेलाचा डाग पडलाय. दर दिवाळीला मी त्यावरून कुंचला फिरवला आणि तुला टोमणे मारले. यंदा फिरवणार नाही.

मैदानावर झाड लावायचं तू किती वेळा केलंस! भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण करायचीस. ते वाळून खडंग व्हायचं आणि शिमगा यायचा. पोरं होळीसाठी लाकडं उचलत फिरायची, आणि मैदानावरचं वाळकं कुंपण म्हणजे फुकटचं घबाड. कुंपण गेलं की दुसऱ्या दिवशी शेळ्या. तुझ्या भिंतीवर चढवलेल्या वेलाचीही त्यांनी दरसाल तीच गत केली. मी बोंबलत होळीपाशी गेले होते एकदा. पोरांना सोडलं नाही, त्यांच्या बापांनाही नाही. तूच माझा हात धरून मागे ओढलंस. "होळीत गेलं ते गेलं. मागू नोको."

मी तुला म्हणत होते, सगळ्यांना गोळा कर, ठणकावून सांग. लांजेवार म्हणायचे, मैदान मोकळंच हवं, लग्नाचे मांडव कुठे घालायचे? तू ऐकून घ्यायचीस. गल्लीशी भांडून घेतलेलं झाड गल्ली जगू देणार नाही, असं तुझं म्हणणं. ज्यांच्या भिंती तू थंड केल्यास त्यांच्याकडे तुझ्या एका भिंतीसाठी शब्द टाकायला तुला लाज वाटायची. मला त्या लाजेचा संताप यायचा. अजून येतो.

मग ती शेवटची दुपार. तू चिंचेची बोटं पुसलीस आणि म्हणालीस, "सुधीर पट्टीत खोली काढून राहिला. लग्न ठरलं ना. निंब जाईन."

माझा हात थांबला. मी म्हटलं, "तू काय म्हणालीस त्याला?"

"मी काय म्हणू? मी नाई म्हटलं तं सून याच्या आधीच सासू आडवी आली म्हणतीन. तू बोल त्याले."

"मी? झाड तुझं, पोरगा तुझा, सावली तेवढी माझी. मी बोलले तर म्हणेल, काकूला फुकटचा थंडावा सुटत नाही. मी नाही बोलायची."

"तुले नाई सोडवत ना थंडावा? मंग तेच बोल. खरं हाये ते बोल."

"तू आई आहेस. तू बोल."

"इंदे, काहून वं इतकी ताठ तू?"

हे तू म्हणालीस! गल्लीकडे एक शब्द न टाकणारी तू, मला ताठ म्हणालीस. मी तोंड फिरवलं. तू "उद्या येतो मंग" म्हणून उठलीस. पुढचं वर लिहिलंच आहे.

इथवर शुक्रवारी लिहिलं आणि कागद उशाखाली ठेवला.

शनिवारी दुपारी मी गेले. बोलायचं ठरवून गेले होते, म्हणजे दारापर्यंत ठरलेलं होतं. वीज गेलेली. भाऊजी मधल्या खोलीत डोक्यावर ओला टॉवेल टाकून पाटावर बसले होते, अगदी खोलीच्या मधोमध, कारण भिंतीला टेकायची सोय नव्हती. सुधीर बाहेर ठेकेदाराशी बोलत होता. त्याला बघितलं आणि मी भाऊजींकडे वळले. आईविना झालेलं पोर, डोकं भादरलेलं, त्याला मी काय सांगू की माझ्या घरातली दुपार वाचव?

मी भाऊजींना म्हटलं, "चला, आमच्याकडे बसा घडीभर."

ते मुकाट्यानं आले. थोड्या वेळानं सुधीर त्यांची गोळी घेऊन आला आणि उंबऱ्यात थांबला. इतक्या वर्षांत तो दुपारचा आमच्या मधल्या खोलीत कधी आलाच नव्हता. आधी शाळा, मग नोकरी.

"काकू, कूलर तं बंद हाये."

"वीजच नाही, बाबा."

तो आत आला. खोलीत नजर फिरवली. "आई कुठी बसत होती?"

मी डागाकडे बोट दाखवलं. तो तिथं बसला, हळूच पाठ टेकली आणि दचकून पुढे झाला. मग तळहात लावला. उलटा हात लावला. भिंत गार होती. वरून निंबाची पानं खिडकीत हलत होती. मी वाट पाहत होते, तो काही म्हणेल म्हणून. तो उठून गेला.

मी मागोमाग मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत धावले. तो मैदानाकडून वळसा घालून स्वतःच्या घराच्या पश्चिमेला गेला होता, पायात चप्पल नाही. त्यानं भिंतीला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला. पुन्हा लावला. या खेपेला काढला नाही. भाजत असणार. मी हाक मारणार होते, पण त्याचे खांदे हलताना दिसले आणि मी खाली बसले. दवाखान्यात रडला नव्हता, घाटावर रडला नव्हता, तो पोरगा त्या भिंतीपाशी रडला.

रविवारी सकाळी कुदळीचा आवाज आला. मला वाटलं, कुऱ्हाडवाला एक दिवस आधीच आला. तशीच धावत सुटले. पण आवाज मैदानावरून येत होता. सुधीर खड्डा खणत होता. शेजारी तुझा तो तेलाचा फुटका डबा, त्यात या पावसाळ्यासाठी तू वाढवलेलं निंबाचं रोप. आणि घमेल्यात विटा.

"विटा कशाला रे?" मी विचारलं.

"कुंपणाले." त्यानं मान वर केली नाही. "वीट होळीत जळत नाई, काकू."

यमू, आपल्याला का नाही सुचलं गं हे? इतकी वर्षं तू काटे लावत राहिलीस आणि मी पोरांच्या मागे बोंबलत राहिले. त्यानं रोप लावलं आणि भोवती गोल विटा रचायला घेतल्या, मधे मधे वाऱ्यासाठी फटी ठेवत. शेळीचं तोंड शिरणार नाही एवढ्याच फटी. हे सगळं तुझ्याच पोटचं आहे, दिसतंच.

तोवर लांजेवार आले. मागे आणखी दोघं-तिघं. "सुधीर, काहून गा? मांडवाची जागा हाये ही. ध्यानात हाये ना? उद्या तुह्याच लग्नात कामी येईन."

सुधीरच्या हातातली वीट तशीच राहिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. भाऊजी फाटकात उभे होते, त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. तुझं घराणंच तसं, स्वतःसाठी शब्द टाकायचा म्हटला की जीभ टाळूला चिकटते.

मग मी बोलले. मला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी लांजेवारांना विचारलं, "तुमच्या भिंतीवर दुपारी सावली कोणाच्या झाडाची?"

"तुमच्या," ते म्हणाले.

"आणि माझ्या भिंतीवर?"

त्यांनी तुझ्या निंबाकडे पाहिलं.

"तिच्या भिंतीवर कोणाची होती, सांगा ना! मी लावलं ते तिनं लावलं म्हणून. तुम्ही लावलं ते मी लावलं म्हणून. पार त्या टोकापर्यंत सगळे गार झोपलात आणि ती बाई माझ्या घरात येऊन भिंतीला टेकायची. मांडव चार हात सरकवून घाला. माझ्या पोरींचे मी तसेच घालीन. आणि हो, मला त्या निंबाचा थंडावा सोडवत नाही. फुकटचा आहे, माहीत आहे मला. तरी सोडवत नाही. सुधीर, ऐकलंस ना? तो निंब तोडू नको."

माझा आवाज फाटला होता. लांजेवार त्या खड्ड्याशी आले. मग वाकले, घमेल्यातली एक वीट उचलली आणि सुधीरच्या हातात दिली. "खालचा थर पक्का बसव," म्हणाले, "नाईतं ढासळीन." माणूस वाईट नाही. तू मला हेच सांगायचीस आणि मी ऐकायची नाही.

सोमवारी कुऱ्हाडवाला आला. सुधीरनं त्याला निंबाच्या खालच्या दोन फांद्या काढायला लावल्या, वाऱ्यासाठी, आणि परत पाठवलं. खोलीचं तो म्हणतो, तूर्त पुढच्या व्हरांड्याला भिंत घालून घेतो. मैदानावरचं झाड मोठं झालं की स्लॅबवर खोली चढवू. तोवर सूनबाई काय म्हणेल कोणास ठाऊक. मी तिला दुपारी बोलावून घेईन. चिंच फोडायला माणूस हवंच आहे.

रोपाला मी रोज मोरीचं पाणी नेऊन घालते. त्याची सावली तुझ्या भिंतीपर्यंत पोचायला पुष्कळ वर्षं लागतील आणि तू ती पाहणार नाहीस, याचं दुःख काही केल्या कमी होत नाही. झाडं जगवलीस, माणसं जगवलीस, आणि तुझी भिंत आम्ही तापत ठेवली. त्याबद्दल तुझ्याशी भांडायला तू हवी होतीस. तुझे उपकार आहेत असं म्हटलं तर चिडशील, म्हणून म्हणत नाही. पण आहेत.

भाऊजी आता दुपारी येतात. पेपर वाचतात, तक्कू चाटून बघतात, मीठ कमी आहे म्हणत नाहीत. डागाच्या जागी टेकत नाहीत, थोडं बाजूला सरकून बसतात. उन्हं उतरली की उठतात, टॉवेल झटकतात आणि म्हणतात, "उद्या येतो मंग."

आणि दुसऱ्या दिवशी येतात.